इंदूरच्या आसपासच्या कच्च्या वाटांवर आरामदायी प्रवास: टायर कोणते आणि हवा किती?

पठारवासी

नमस्कार. खंडवा रोडने सिमरोलच्या पुढे चोरल आणि कजलीगड, महूच्या बाजूने पाताळपाणी, जानापाव आणि जाम गेट, या भागांत आमचे कुटुंब वरचेवर जाते. मुख्य रस्ते आता चांगले झाले आहेत. माझा प्रश्न डांबर सोडल्यानंतरचा आहे. शेतांमधून जाणारी खडीची वाट, नाल्यातले गोटे, आणि पावसाळा संपल्यावर काळ्या मातीत ट्रॅक्टरने पाडलेल्या व वाळून घट्ट झालेल्या चाकोऱ्या, या तीन ठिकाणी मागच्या बाकावर बसणाऱ्या माझ्या आईवडिलांना फार हादरे बसतात. आईला मणक्याचा जुना त्रास आहे, त्यामुळे हा विषय आमच्यासाठी हौसेचा नसून गरजेचा आहे.

गाडी लॅडर फ्रेमची (शिडीसारख्या सांगाड्यावर बांधलेली), फोर बाय फोर (चारही चाकांना जोर मिळणारी), मागे सलग ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा) आणि कॉइल स्प्रिंग असलेली आहे. टायर २५५/६५ आर १८ या मापाचे, रस्त्यासाठी बनवलेले म्हणजे एचटी प्रकारचे आहेत आणि त्यांची नक्षी आता झिजत आली आहे. चालकाच्या दाराच्या खांबावरील पट्टीवर चारही चाकांसाठी ३२ पीएसआय (प्रति चौरस इंच पौंड) दाब दिलेला आहे. टायरच्या एका दुकानात मला चिखलाचे, म्हणजे एमटी टायर घ्यावेत असे सांगितले, तर दुसरीकडे २० इंची रिम बसवण्याचा आग्रह झाला. दोन्ही सल्ल्यांत मागे बसणाऱ्याच्या पाठीचा विचार कुठे दिसला नाही. पंपावर हवा भरायला गेले की मुलगा ‘पैंतीस कर दूँ?’ असे विचारून गाडी कोणती हे न पाहता तेवढीच भरून टाकतो. टायर निवडताना आणि हवा ठरवताना नेमका कोणता विचार करावा, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

खडीवाट

पठारवासी, प्रश्न नेमका मांडला आहे, म्हणून थोडे मुळापासून लिहितो.

आपण हादऱ्यांचा दोष लगेच शॉक ॲब्सॉर्बरला देतो, परंतु जमिनीचा धक्का सर्वांत आधी झेलतो तो टायर. गाडीत एकामागे एक दोन स्प्रिंगा असतात असे समजा: पहिली टायरमधली हवा, दुसरी कॉइल किंवा पाट्यांची स्प्रिंग. मोटारीच्या टायरचा उभा ताठरपणा मिलिमीटरला सुमारे २०० न्यूटन असतो, तर चाकापाशी मोजलेला स्प्रिंगचा ताठरपणा त्याच्या कितीतरी पट कमी असतो. मोठा खड्डा किंवा चढउतार स्प्रिंग सांभाळते, पण मुठीएवढ्या दगडाचा झटपट बसणारा धक्का सलग ॲक्सलसारख्या जड भागाला उचलून स्प्रिंग दाबेपर्यंत वेळच उरत नाही. गाडीचे धड सेकंदाला एक ते दीड वेळा डुलते, तर चाक आणि ॲक्सल सेकंदाला दहा ते पंधरा वेळा थरथरतात. खडीवर पाठीला जाणवते ती ही दुसरी थरथर, आणि तिला मऊ करण्याचे काम टायरनेच करायचे असते.

टायर हे काम दोन गोष्टींच्या बळावर करतो: त्याच्या बाजूची, म्हणजे साइडवॉलची उंची आणि आतला दाब. तुमच्या टायरची रुंदी २५५ मिलिमीटर आणि उंचीचे प्रमाण ६५ टक्के, म्हणजे रिमच्या वर सुमारे १६६ मिलिमीटर रबर आहे. चाकाचा एकूण व्यास तोच ठेवून २० इंची रिम घातली, तर प्रत्येक बाजूने पूर्ण एक इंच, म्हणजे २५ मिलिमीटर उंची जाते आणि जेमतेम १४० उरते. दगडावरून जाताना दबायला जागा कमी, रिम वाकण्याची भीती जास्त, आणि मोठी रिम बहुधा जडही असते. ज्यांच्या घरातील वडीलधारी माणसे मागे बसतात त्यांनी हा सल्ला तिथेच सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दाबाचे गणितही पाहू. एका चाकावर ५०० किलो भार आहे असे धरले, तर ३२ पीएसआयला तो पेलण्यासाठी सुमारे २२० चौरस सेंटिमीटर जागा जमिनीला टेकावी लागते. २२ पीएसआयला तीच जागा ३२० चौरस सेंटिमीटरच्या आसपास जाते. साइडवॉलचा स्वतःचा ताठरपणा काही भार उचलतो, त्यामुळे प्रत्यक्षातील आकडे थोडे कमी येतील, पण दिशा तीच राहते. टेकणारा ठसा रुंदीपेक्षा लांबीत जास्त वाढतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. लांब ठशामुळे टायर दगडाला टक्कर देऊन वर उडण्याऐवजी त्याच्याभोवती बसतो, चाक कमी उसळते आणि पकडही सुटत नाही. आराम आणि पकड या दोन्ही गोष्टी कच्च्या वाटेवर एकाच उपायाने साधतात.

ही युक्ती जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात जनरल मोटर्सने बनवलेल्या ‘डक’ या पाण्यात आणि जमिनीवर चालणाऱ्या ट्रकमध्ये चालकाला बसल्या जागेवरून टायरचा दाब कमीजास्त करता येत असे, कारण किनाऱ्यावरच्या वाळूला एक दाब लागे आणि त्यापुढच्या रस्त्याला दुसरा. आपल्याला गाडीतून उतरून खाली वाकावे लागते, एवढाच फरक.

निमाडउतार

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मी आकड्यांबद्दल लिहितो, कारण ‘हवा थोडी कमी करा’ या सल्ल्याने कुणाचेच भले होत नाही. पुढील आकडे पट्टीवर ३२ पीएसआय असलेल्या, तुमच्यासारख्या वजनाच्या गाडीसाठीचे ठोकताळे आहेत. पट्टीवरचा आकडा वेगळा असेल त्यांनी त्याच प्रमाणात बदल करावा.

डांबरावर पट्टीवरचा दाब, आणि तोही सकाळी थंड टायरमध्ये मोजलेला. पंपावरच्या ३५ने तुमच्या गाडीला काहीच मिळत नाही. मधली नक्षी लवकर झिजते आणि प्रत्येक सांधा पाठीला कळतो. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा हा त्या टायरच्या कमाल मर्यादेशी संबंधित असतो, तुमच्या गाडीच्या शिफारशीशी नाही. दुकानात बसवून घेतल्यावर अनेकदा त्याच आकड्याच्या जवळपास हवा भरून दिली जाते, म्हणून घरी आल्यावर जरूर तपासावे.

मुरूम आणि खडीच्या, बऱ्यापैकी सपाट वाटेवर २६ ते २८, आणि वेग ताशी ५०-६० किलोमीटरच्या आत. नाल्यातले गोटे आणि वाळलेल्या चाकोऱ्या यांवर २२ ते २४, आणि वेग २०-२५च्या आत. चाल इतकी हळू ठेवली की निम्मे हादरे तसेही कमी होतात. महेश्वर-मंडलेश्वरकडे नदीकाठच्या मोकळ्या वाळूत जायचेच असेल तर १६ ते १८, मात्र तिथे स्टिअरिंग झटक्याने वळवायचे नाही आणि जोरात ब्रेक लावायचा नाही. १५च्या खाली साध्या रिमवरून टायरची कड सुटण्याचा धोका वाढतो. कुटुंबाला घेऊन त्या पट्ट्यात जाण्याचे काहीच कारण नाही.

आपल्या भागातील दगडाबद्दल एक खास सूचना. माळव्याचे पठार बेसॉल्टचे आहे, आणि घाटाच्या कडेला नव्याने फुटलेल्या या काळ्या दगडाच्या धारा सुरीसारख्या तीक्ष्ण असतात. दाब खूप कमी केला की साइडवॉल बाहेर फुगते आणि नेमकी तीच दगडाच्या धारेला लागते. नक्षीतले पंक्चर निघते, साइडवॉलची चीर निघत नाही. टायर टाकूनच द्यावा लागतो. म्हणून अशा वाटेवर २२च्या खाली उतरू नये. दुसऱ्या टोकाला, ३५ पीएसआयने ताणलेला टायर त्याच धारेवर दबत नाही आणि नक्षीतून कापला जातो. नाल्यातील पाण्याने घासून गुळगुळीत झालेल्या गोट्यांवर मात्र हा धोका बराच कमी असतो.

दाब कमी केला की गाडी जमिनीपासून थोडी खाली येते, हेही ध्यानात ठेवावे. चाकोरीच्या मधला उंचवटा आधीच डिफरन्शिअलला (ॲक्सलच्या मधल्या, खाली लोंबणाऱ्या गियरच्या गोळ्याला) लागत असेल, तर एका बाजूची चाके उंचवट्यावर आणि दुसऱ्या बाजूची चाकोरीबाहेर ठेवून चालवणे हाच मार्ग.

आणि सर्वांत महत्त्वाचे: डांबरावर परत येण्याआधी हवा भरायचीच. कमी दाबाचा टायर वेगात प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतो, आत उष्णता साठते आणि मे महिन्यातल्या रस्त्यावर तो फुटण्यापर्यंत वेळ येते. ‘घर पंचवीस किलोमीटरवर तर आहे’ असे म्हणून तसेच निघणे हा जिवाशी खेळ आहे.

कंपास

या चर्चेत एक शंका. एमटी टायर दिसायला दणकट असतात आणि पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत त्यांच्याशिवाय चालत नाही असे ऐकतो. मग मूळ प्रश्नकर्त्याने तेच घेतले आणि हवा कमी ठेवली, तर दोन्ही गोष्टी साधणार नाहीत का?

खडीवाट

साधणार नाहीत, आणि त्याची कारणे टायरच्या बांधणीत आहेत.

काळ्या मातीबद्दल तुम्ही ऐकले ते अर्धे बरोबर आहे. ही माती पाणी शोषून फुगते, चिकट होते आणि एचटी किंवा बऱ्याच एटी (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीच्या) टायरांची नक्षी काही फेऱ्यांतच भरून टाकते; मग टायर वर्षभरापूर्वीचा असो की गोटा झालेला, पकड सारखीच. एमटीच्या ठोकळ्यांमध्ये रुंद मोकळी जागा असते, त्यामुळे चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जातो. जुलै-ऑगस्टमध्ये शेतातून रोज गाडी नेणाऱ्यासाठी एमटी योग्यच आहे.

पण पठारवासींचा बहुतेक प्रवास डांबरावर आणि कोरड्या खडीवर आहे. एमटी तिथे सतत घोंघावतो, ओल्या डांबरावर थांबायला जास्त अंतर घेतो, आणि जड असतो. चाकाचे वजन स्प्रिंगच्या खाली असते. ते वाढले की तीच सेकंदाला दहा-पंधरा वेळांची थरथर आणखी जोराने गाडीत पोचते आणि शॉक ॲब्सॉर्बरला तिला आवरणे कठीण जाते. कंपनीने शॉक ॲब्सॉर्बर आणि टायर यांची जोडी मिळून तपासलेली असते, आणि पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्रामध्ये ११.३ किलोमीटरच्या वेगवान ट्रॅकखेरीज निरनिराळ्या पृष्ठभागांचे ट्रॅक आहेत ते अशाच तपासण्यांसाठी. आपण फक्त टायर बदलला की ती जोडी मोडते.

यापेक्षाही महत्त्वाचा मुद्दा ‘एलटी’ या अक्षरांचा आहे. बरेच एमटी आणि काही एटी टायर हलक्या ट्रकसाठीच्या एलटी बांधणीत येतात: साइडवॉलला जास्त थर, सहा, आठ किंवा दहा प्लाय असे मानांकन. दगडांपासून संरक्षण उत्तम, परंतु साइडवॉल ताठ. शिवाय तोच भार पेलण्यासाठी एलटी टायरला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. म्हणजे साधा टायर ३२वर जे वजन घेतो ते घेण्यासाठी एलटीला आणखी काही पीएसआय द्यावे लागतात, आणि ताठ बाजू व जास्त दाब मिळून मागच्या बाकाचा आराम संपतो. गाडीत चार-पाच माणसे आणि डबे एवढेच सामान असेल, तर एलटीची गरज नाही.

माझा सल्ला: मूळ मापाचा, एलटी नसलेला, सौम्य नक्षीचा एटी. मापानंतर छापलेला भारांक कंपनीच्या टायरपेक्षा कमी नसावा. १०९ म्हणजे एका टायरला १०३० किलो आणि ११२ म्हणजे ११२० किलो. वेगाच्या अक्षरांत एस म्हणजे ताशी १८०, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०. दुकानदाराकडून टायरचे वजन विचारून घ्या आणि दोन पर्याय सारखे वाटले तर हलका घ्या. हा प्रश्न दुकानात कुणी विचारत नाही, पण आरामाशी त्याचा थेट संबंध आहे.

मोजमाप

दाब किती असावा यावर चांगली चर्चा झाली. तो मोजावा कसा यावर मी लिहितो, कारण चुकीच्या मापकावर सगळे आकडे व्यर्थ आहेत.

थंड टायर म्हणजे किमान तीन तास उभी असलेली, किंवा तेवढ्यात एक-दोन किलोमीटरपेक्षा जास्त न चाललेली गाडी. हवेचे तापमान साधारण ५ ते ६ अंशांनी बदलले की दाब सुमारे १ पीएसआयने बदलतो. इंदुरात डिसेंबरच्या पहाटे तापमान १० अंशांच्या आसपास असते आणि मे महिन्याच्या दुपारी ४० च्या पुढे जाते. म्हणजे मेमध्ये दुपारी ३२ भरलेली गाडी हिवाळ्याच्या सकाळी, काही गळती नसतानाही, २७ दाखवू शकते. ऋतू बदलला की हवा तपासणे भागच आहे. एका बाजूला ऊन असेल तर त्या बाजूची चाके जास्त दाब दाखवतात, म्हणून सावलीत मोजावे. घाट उतरून निमाडात गेल्यावर वातावरणाच्या दाबामुळे जो फरक पडतो तो १ पीएसआयही नसतो. त्याचा विचार करू नये.

प्रवासात टायर तापून दाब वाढलेला दिसला तर हवा काढू नये. उलट ती वाढ हेच एक उपयुक्त माप आहे. ऑस्ट्रेलियातील लांब पल्ल्याच्या कच्च्या रस्त्यांवर वापरला जाणारा ठोकताळा असा: थंड असताना दाब नोंदवा, तासभर एकसारख्या वेगाने चालवा, लगेच पुन्हा मोजा. वाढ ४ पीएसआयच्या आसपास असेल तर सुरुवातीचा दाब त्या भाराला आणि रस्त्याला योग्य. बरीच जास्त असेल तर टायर फार वाकतो आहे, म्हणजे सुरुवातीला हवा कमी होती. बरीच कमी असेल तर हवा जास्त होती. एलटी टायरसाठी ४ ऐवजी ६ धरतात. सकाळी गार हवेत निघून भर दुपारी मोजले, तर वाढीतला काही भाग हवामानाचा असतो, तो वजा करावा.

नायट्रोजनबद्दल विचारणा होतेच, म्हणून आधीच सांगतो. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. कोरड्या वाटेवर हवा काढणे आणि नंतर भरणे हे ज्याला वारंवार करायचे आहे त्याने त्यासाठी पैसे देण्यात अर्थ नाही.

स्वतःचा एक चांगला मापक घ्यावा आणि नेहमी तोच वापरावा. दोन मापकांत २-३ पीएसआयचा फरक सहज असतो. सोबत बॅटरीला चिमट्यांनी जोडता येणारा १२ व्होल्टचा पंप ठेवावा. सिगारेट लायटरच्या खाचेत बसणारे लहान पंप १८ इंची टायर २२ वरून ३२ वर नेताना फार तापतात, त्यांना मध्ये विश्रांती द्यावी लागते. गाडीत दाब दाखवणारी यंत्रणा असेल, तर दाब मुद्दाम कमी केल्यावर तिचा दिवा लागणारच. त्याकडे काणाडोळा करायची सवय मात्र लावून घेऊ नये. डांबरावर हवा भरल्यावर तो विझला की नाही, हे पाहावे.

पठारवासी

सर्वांचे मनापासून आभार. या रविवारी सकाळी दाब मोजला तेव्हा चारही चाकांत ३६ च्या पुढे हवा होती. ती ३२ वर आणली आणि खडीच्या वाटेला लागण्याआधी २६ केली. त्याच वाटेने गेल्यावर, काही न सांगता, वडिलांनी ‘आज हळू चालवतो आहेस का?’ असे विचारले; वेग नेहमीचाच होता. नवे टायर घेण्याआधीच एवढा फरक जाणवेल असे वाटले नव्हते.

दोन शंका उरल्या आहेत. एक, मागे आईवडील आणि सामान असताना मागच्या चाकांत वेगळा दाब ठेवावा का? दोन, आमच्याच गाडीच्या दुसऱ्या प्रकाराला कंपनी १६ इंची रिमवर २४५/७५ मापाचे टायर देते. साइडवॉल उंच मिळते म्हणून ते बसवणे शहाणपणाचे ठरेल का?

निमाडउतार

पहिल्या शंकेचे उत्तर: गाडी पूर्ण भरलेली असेल तर पट्टीवर किंवा पुस्तिकेत पूर्ण भारासाठी वेगळा आकडा आहे का ते पाहावे, नसेल तर मागे २ ते ३ पीएसआय जास्त ठेवावेत, कच्च्या वाटेवरसुद्धा. म्हणजे खडीवर पुढे २६, मागे २८. मागे दोनच माणसे आणि थोडे सामान असेल तर सारखाच दाब चालेल. आईंचा त्रास पाहता त्यांना मागच्या ॲक्सलच्या अगदी वर न बसवता शक्य तेव्हा पुढच्या आसनावर बसवावे. दोन ॲक्सलांच्या मधल्या भागात उभे हादरे सर्वांत कमी असतात. तसेच दाब २०च्याही खाली नेला की आराम वाढत जाईल असे समजू नये. टायरला स्वतःचे उसळणे शमवता येत नाही. फार मऊ झाला की गाडी खड्ड्यानंतर डुलत राहते आणि पाठीला तेही सोसत नाही.

खडीवाट

दुसऱ्या शंकेबद्दल. २४५/७५ आर १६ ची साइडवॉल सुमारे १८४ मिलिमीटर, म्हणजे तुमच्यापेक्षा १८ मिलिमीटर उंच, आणि एकूण व्यास ७७४, तुमचा ७८९. फरक दोन टक्क्यांच्या आत आहे; स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा किंचित जास्त दाखवेल, तेवढेच. आरामासाठी हा बदल खरोखर चांगला आहे. मात्र तुमच्या प्रकारात पुढचा ब्रेक कॅलिपर मोठा असेल तर १६ इंची रिम त्याला घासेल, म्हणून रिम प्रत्यक्ष चढवून, चाक हाताने फिरवून, स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. रिम त्याच गाडीची, त्याच ऑफसेटची (चाक आत-बाहेर किती बसते त्याचे माप) असावी. बदल केलाच तर पाचही चाके बदलावीत. फोर बाय फोरमध्ये वेगळ्या व्यासाची स्टेपनी लावून चारही चाकांना जोर दिला की ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या गियरपेटीवर) ताण येतो.

टायर घेताना बाजूवरचे चार अंकी उत्पादन चिन्ह वाचून घ्या: पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, २४२५ म्हणजे २०२५ मधला चोविसावा आठवडा. दुकानात दोन-तीन वर्षे पडून राहिलेले रबर कडक होत जाते आणि कमी दाबातही त्याचा मऊपणा परत येत नाही. पाचही टायरांचे चिन्ह स्वतः पाहा, व्हॉल्व्ह नवे घालायला सांगा, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्या, आणि दुकानातून निघण्याआधी तुमच्याच मापकाने दाब मोजा. तिथे टायर नुकताच बसवलेला आणि थंड असतो, म्हणून तोच आकडा पुढच्या मापनांसाठी नोंदवून ठेवा.